सावधपणाच्या बाजूने

किनवट तालुक्यातल्या गोंड, कोलाम, आंध घरांतली मुलं बारावी होतात आणि पुढे नांदेडला जायचं की नाही, इथे अडतात. यावर एक ठरलेलं निदान आहे: इच्छाशक्ती कमी. मनाचा हिय्या करा, भीती पळेल, असं व्याख्यानांतून सांगतात आणि दाखला बहुधा समर्थ रामदासांचा देतात. जांबचा नारायण ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून निघाला. तुम्ही कसली वाट बघता?

हे निदान मला मान्य नाही, आणि तो दाखलाच त्याच्या विरुद्ध जातो. परंपरेनुसार बोहला सोडलेल्या नारायणाने बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला साधना केली, पुढची बारा वर्षं भ्रमणात घालवली. कृष्णाकाठचं कार्य त्यानंतरचं. दासबोधाच्या अकराव्या दशकातल्या पाचव्या समासात हरिकथा आणि राजकारण यांच्यामागून तिसरं सावधपण येतं, चौथा साक्षेप, म्हणजे यत्न. या क्रमावरून फार ताणू नये. पण यत्नाचा एवढा कैवारी सावधपणाला यत्नाचा वैरी मानत नाही, एवढं त्यातून नक्की निघतं.

आता किनवटचा संकोच पाहा. 1956 पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषेच्या न्यायाने तो नांदेडला जोडला गेला, ते योग्यच झालं. पण जिल्ह्याचं ठिकाण सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे गेलं. खोलीभाडं, खानावळ, क्लासची फी, शिवाय कापूस वेचायला घरात एक माणूस कमी. कोरडवाहू घरातली मुलगी हा हिशेब मांडते तेव्हा तिला भित्री म्हणणं अन्यायाचं आहे. पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्याचे पैसे कुठून आणायचे, हा तिचा प्रश्न आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या खात्यावर राहण्या-जेवणाची रक्कम टाकणारी, 2016-17 पासूनची ‘स्वयम’ योजना नेमकी त्या प्रश्नाला हात घालते. तिचा हप्ता वेळेवर पडणं मला दहा व्याख्यानांहून मोलाचं वाटतं.

पूर्वपक्षात एक गोष्ट खरी आहे. हिशेब पुरा होऊनही ‘बघू पुढच्या साली’ चालूच राहिलं, तर त्याला सावधपण म्हणता येत नाही. तिथे हिय्या लागतोच. मात्र तो एकटीने आणि एकदम करायला हवा, असं कुणी ठरवलं? गावातून आधी गेलेल्या मुलीला सोबत घ्यावं, तिची खोली, तिचा खर्च विचारावा. प्रवेशाचा अर्ज भरला म्हणजे घर सुटलं असं होत नाही. अर्ज आज भरता येतो. खोलीचं यादी लागल्यावर ठरवता येतं.