रुग्णालयाचे दार आणि १८९७चा प्लेग

पुण्याच्या प्लेगचा इतिहास शिकवताना आपण बहुधा २२ जून १८९७ या तारखेपाशी, म्हणजे रँडवर झाडलेल्या गोळीपाशी येऊन थांबतो. त्या गोळीमागे घरझडतीचा संताप होता, हे खरेच. पण त्या संतापाचे आणखी एक कारण आपण पुरेसे विचारात घेत नाही. ते म्हणजे इस्पितळाचे बंद दार.

फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा झाला. रुग्णाला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत नेण्याची सत्ता सरकारला मिळाली. तोवर आजारपण ही घराची गोष्ट होती. पेज भरवणारी, उशाशी जागणारी, शेवटचे पाणी तोंडात घालणारी माणसे घरचीच असत. आता आत काय चालते हे त्यांना दिसेना, आणि ती पोकळी अफवांनी भरून काढली. रुग्णांना मारून त्यांचे तेल काढतात, असेही बोलले जाई. मुंबईत तर कायद्याच्या आधीच, ऑक्टोबर १८९६मध्ये, सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. याला निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ यांनी १८९८मध्ये दाखवले. म्हणजे त्या प्रकारात उशाशी बसणाऱ्याला रुग्णापासून फारसा धोका नव्हता.

यावर तोडगा म्हणून समाजासमाजांची स्वतंत्र इस्पितळे निघाली. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग हॉस्पिटल उभे राहिले. आपली माणसे जवळ असली की लोक उपचाराला तयार होतात, हे त्यातून दिसले. मात्र एक दार उघडताना जातीचे दार तसेच राहिले, हेही नोंदवले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर सावित्रीबाई फुले यांचे कार्य वेगळे उठून दिसते. यशवंतरावांनी हडपसरजवळ उघडलेल्या दवाखान्यात त्या परक्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी मूल त्यांनी पाठीवर घेऊन आणले. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला.

२०२०च्या साथीत हे दार पुन्हा बंद झाले. रोग हवेतून पसरणारा होता, त्यामुळे या वेळी निर्बंधाला अधिक आधार होता. तरीही रुग्णाच्या कानाशी फोन धरून घरच्यांचा आवाज ऐकवण्याचे काम परिचारिकांवर आले. घरच्यांना बाहेर ठेवल्यावर त्यांचे काम कोणाच्या खांद्यावर जाते, हा प्रश्न प्लेगच्या इतिहासातही आहे. तो रँडच्या नावाखाली झाकून टाकू नये.