सीमेवरचा जामीन

लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी प्रस्थान ठेवण्याची आपली जुनी चाल आहे. मुहूर्त टळू नये म्हणून एखादे गाठोडे आधीच शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे आणि मग सवडीने सामानाची बांधाबांध करायची. पेशवाईत दूरदेशी निघालेल्या माणसाला शिदोरी, सोबत आणि वाटेतल्या चौक्यांवर दाखविण्यासाठी दस्तक, एवढी जमवाजमव करावी लागे. त्यांपैकी शिदोरी आणि सोबत स्वतःच्या बळावर मिळत. दस्तक मात्र दुसऱ्याने द्यावे लागे. ‘हा माणूस बरा आहे, याला जाऊ द्या,’ असे कोणीतरी लिहून दिल्याखेरीज चौकीवरचा शिपाई आडवा धरलेला भाला खाली घेत नसे.

युरोपातील मोटारप्रवासाच्या तयारीचा इतिहास चाळू लागलो की हे दस्तक राहून राहून आठवते. मुंबईहून नागपूरला जाणारा माणूस सातआठशे किलोमीटर धावूनही महाराष्ट्रातच असतो. ब्रुसेल्सहून लक्झेंबर्गमार्गे स्वित्झर्लंडमधील बाझेलला जाणारा माणूस साधारण साडेपाचशे किलोमीटरांत बेल्जियम, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड असे चार देश पाहतो. म्हणूनच तिकडच्या मोटारवाल्यांच्या सामानात हत्यारांच्या पेटीइतकीच कागदांची पिशवी महत्त्वाची ठरली. हत्यारांची पेटी कशी हलकी झाली ते सर्वांना ठाऊक आहे, यंत्रे सुधारली. कागदांची पिशवी कशी हलकी झाली, ती गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. यंत्राची नव्हे, ती विश्वासाची गोष्ट आहे.

अगदी पहिल्या दिवसांत चिंता होती ती इंधनाची. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझ यांची पत्नी बेर्था आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याला न सांगताच त्याच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरांच्या थोडे वर. वाटेत इंधन संपत आले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन नावाचा डाग काढण्याचा द्रव विकत घेतला. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. माहेरच्या ओढीने निघालेल्या या बाईने मोटारप्रवासाच्या तयारीचा पहिला धडा घालून दिला, तो असा, की जे बरोबर नाही ते वाटेत कुठे मिळेल हे आधी ठाऊक हवे.

हाच धडा पुढे मिशलँ बंधूंनी छापून वाटला. टायर विकणाऱ्या या भावांनी १९०० साली फ्रान्समधील मोटारवाल्यांसाठी लाल मुखपृष्ठाची एक छोटी पुस्तिका काढली. टायर कसा बदलावा, कोणत्या गावात कारागीर आहे, पेट्रोल कुठे मिळते, रात्री उतरायला जागा कुठे, अशी माहिती तीत होती. पहिल्या आवृत्तीच्या ३५,००० प्रती त्यांनी फुकट वाटल्या. आज हीच पुस्तिका नामांकित उपाहारगृहांना तारे देणारी म्हणून जगाला ठाऊक आहे. पण तिचा जन्म पंक्चरच्या पोटी झाला.

एकाच देशात फिरणाऱ्याचे अशा पुस्तिकेने भागे. सीमा आली की मात्र निराळाच प्रश्न उभा राही. मोटार ही महागडी वस्तू, आणि परदेशी वस्तूवर जकात. सीमेवरचा जकातदार विचारी, ‘ही मोटार तुम्ही आमच्या देशात आणून विकणार नाही कशावरून?’ उत्तर कितीही प्रामाणिक असले तरी त्याची किंमत शून्य. जकातीची रक्कम रोख अनामत ठेवायची आणि देश सोडताना परत मागायची. चार देशांच्या चार अनामती भरायच्या म्हटले तर चांगल्या सधन माणसाचीही थैली तळाला जाई.

यातून वाट काढली ती मोटारवाल्यांच्या संघांनी. सभासदासाठी संघच जामीन राहू लागला. ‘त्रिप्तिक’ नावाचा तीन भागांचा एक कागद निघाला. देशात शिरताना एक भाग नाक्यावर राही, बाहेर पडताना दुसरा, आणि दोन्हींचे शिक्के असलेला तिसरा मालकाजवळ राही. मोटार परत गेली नाही तर जकात संघ भरी आणि मग आपल्या सभासदाकडून वसूल करी. त्रिप्तिक एका देशापुरते चाले; अनेक देशांसाठी पानापानांची वही निघाली, तिला ‘कार्ने’ म्हणतात. अनोळखी माणसावर सरकार विश्वास ठेवीत नाही. पण त्याच्या ओळखीच्या संस्थेवर ठेवते, हे साधे व्यवहारज्ञान या वहीच्या मुळाशी आहे. आपल्याकडे सावकार जामीन मागतो तेव्हा तरी दुसरे काय करतो?

जकातीचे कोडे सुटले तरी भीतीचे सुटले नव्हते. धूळ उडवीत, घोडे बुजवीत येणारे हे यंत्र पुष्कळांना नकोसे वाटे. १९०२ मध्ये पॅरिसपासून व्हिएन्नापर्यंत मोटारींची शर्यत झाली, तेव्हा स्वित्झर्लंडने गाड्यांना वाट दिली खरी, पण आपल्या हद्दीत शर्यत मुळीच खेळायची नाही, या अटीवर. त्याच देशातील ग्राउब्युंडेन प्रांताने तर १९०० साली मोटारींवर सरसकट बंदी घातली. त्या डोंगराळ मुलखातून मोटार न्यायचीच झाली तर इंजिन बंद करून पुढे घोडे जुंपावे लागत. बंदी उठविण्यासाठी लोकमत पुनःपुन्हा आजमावले गेले आणि लोक पुनःपुन्हा नाही म्हणाले. शेवटी १९२५ साली ते हो म्हणाले. एवढी पंचवीस वर्षे आल्प्सच्या वाटेने जाणाऱ्या मोटारवाल्याला आपल्या तयारीत घोड्यांचे भाडेही धरावे लागे.

११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिस येथे अनेक राष्ट्रांनी मोटारींच्या वाहतुकीविषयी पहिला आंतरराष्ट्रीय करार केला. मोटार आणि चालक यांची एकदा आपल्या देशात परीक्षा झाली की तिचा दाखला इतरांनी मानावा, असे ठरले. पुढे वळण आहे, चौक आहे, रस्त्यात खाच आहे, रेल्वेचे फाटक आहे, या चार सूचनांसाठी चार समान चिन्हे ठरली; भाषा न येणाऱ्यालाही ती कळावीत हा हेतू. आणि गाडीच्या पाठीमागे पांढऱ्या लंबगोल पाटीवर काळ्या अक्षरांत देशाची खूण लावावी असे ठरले. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानच्या वाट्याला या पद्धतीत ‘बीआय’ ही अक्षरे आली. १९४७ पासून त्यांच्या जागी ‘आयएनडी’ आली. देशाचे स्वातंत्र्य असे मोटारीच्या पाठीवरही उमटले.

कागद एक झाले, तरी रस्ते एक झाले नव्हते. कोणत्या बाजूने गाडी हाकायची यावरही युरोपचे एकमत नव्हते. ऑस्ट्रियाचा प्रकार तर गमतीचा होता. पश्चिमेकडील फोरआर्लबेर्ग प्रांत १९२१ पासून उजवीकडून चालू लागला आणि उरलेला देश तेव्हा डावीकडूनच चालत होता. परदेशी सोडाच, देशातल्या देशात फिरणाऱ्यालाही बाजू बदलावी लागे. १९३८ मध्ये हिटलरने तो देश गिळला आणि सर्वत्र उजवी बाजू आली. पुढच्या वर्षी जर्मन फौजा प्राग शहरात शिरल्या, तेव्हा तिथेही तेच झाले. स्वीडनची रीत निराळी. १९५५ साली सरकारने लोकांना विचारले तर सुमारे ८३ टक्के लोकांनी डावी बाजू सोडायला नकार दिला. पण शेजारची राष्ट्रे उजवीकडून चालणारी, सीमेवर घोटाळा व्हायचाच. अखेर संसदेने निर्णय घेतला आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता सारा देश बाजू बदलून उजवीकडे आला. एके ठिकाणी रणगाड्यांनी बाजू बदलली, दुसरीकडे कित्येक वर्षांच्या समजावणीने. नकाशावर दोहोंचे फळ एकच दिसते. पण इतिहासाने दोहोंचा हिशेब वेगळा ठेवायला हवा.

दुसऱ्या महायुद्धानंतर पडक्या पुलांच्या आणि रेशनच्या त्या दिवसांत आणखी एक प्रश्न पुढे आला. परक्या देशात आपल्या मोटारीखाली कोणी सापडला तर त्याची भरपाई कोणी करायची? गाडीवाला दुसऱ्या दिवशी आपल्या देशी निघून जाणार. जखमी माणसाने कुठल्या भाषेत, कुठल्या कचेरीचे उंबरठे झिजवायचे? १९४९ च्या जानेवारीत जिनीव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाच्या समितीने एक योजना सुचविली आणि १ जानेवारी १९५३ पासून ती अमलात आली. हेच विम्याचे ‘हिरवे कार्ड’. प्रत्येक देशात विमा कंपन्यांची एक मध्यवर्ती कचेरी असते. अपघातात सापडलेल्याने आपल्याच देशातील कचेरीकडे मागणी करायची. ती पैसे देते आणि मग गाडीवाल्याच्या देशातील कचेरीकडून वसूल करते. इथेही जामीनच आहे, फक्त तो सरकारी जकातीसाठी नसून रस्त्यावरच्या पादचाऱ्यासाठी आहे. काल एकमेकांची शहरे बेचिराख करणारी राष्ट्रे आज एकमेकांच्या जखमींचे बिल चुकते करू लागली. तहाच्या समारंभांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात, या हिरव्या कागदाचे कधी आले नाही. पण शांततेची ओळख मला या कागदातच अधिक पटते.

त्या काळात इंग्लंडातून युरोपच्या सहलीला निघणाऱ्या कुटुंबाच्या घरी काय लगबग असेल, ते पाहण्यासारखे आहे. आधी खाडी ओलांडायची. १९२८ मध्ये कॅप्टन टाउनसेंड यांनी डोव्हर ते कॅले अशी मोटारींची बोट सुरू केली, तेव्हा गाड्या यारीने उचलून बोटीवर ठेवीत, आणि आगीच्या भयाने टाकीतले पेट्रोल आधी काढून घेत. गाडी थेट बोटीत हाकत नेण्याचे धक्के डोव्हरला १९५३ मध्ये झाले. ज्यांना घाई आणि पैसा दोन्ही होते त्यांच्यासाठी १९४८ पासून विमानही होते. नाकाडाचे दरवाजे उघडून ते दोन मोटारी पोटात घेई आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर नेऊन सोडी. मग ‘जीबी’ची लंबगोल पाटी, हिरवे कार्ड, चालकाचा आंतरराष्ट्रीय परवाना, उजवीकडून चालताना समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून दिव्यांना चिकटवायच्या पट्ट्या. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत मोटारींचे पुढचे दिवे पिवळे असत, म्हणून कित्येक पाहुणे आपल्या दिव्यांवर पिवळा रंग चढवीत. फ्रँक, मार्क, शिलिंग, लिरा अशा निरनिराळ्या नाण्यांची पाकिटे गृहिणीने वेगवेगळी बांधायची. त्यात १९६६ साली ब्रिटिश सरकारने परदेशी सहलीच्या खर्चावर माणशी ५० पौंडांची मर्यादा घातली. मग डब्यांतले खाणे आणि तंबू घरूनच नेण्याची टूम निघाली नसती तरच नवल.

पूर्वेकडे जायचे तर याहून कडक कारभार. पश्चिम जर्मनीतून पश्चिम बर्लिनला जाणारा रस्ता पूर्व जर्मनीतून जाई. मारियनबोर्नच्या नाक्यावर झडती, शिक्के, आणि ठरलेला रस्ता सोडायचा नाही अशी ताकीद. १९७२ पासून नव्या कराराने हा जाच बराच कमी झाला, आणि १९८९ च्या नोव्हेंबरात भिंतच उघडली. आज त्या नाक्याचे स्मारक झाले आहे.

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या छोट्या गावी मोझेल नदीत नांगरलेल्या एका बोटीवर पाच देशांच्या प्रतिनिधींनी आपसांतील सीमांवरची तपासणी उठविण्याच्या करारावर सह्या केल्या. २६ मार्च १९९५ पासून सात देशांत तो अमलात आला, पुढे देश वाढत गेले. १ जानेवारी २००२ पासून युरोची नाणी-नोटा आल्या आणि गृहिणीची ती निरनिराळी पाकिटे गेली. युरोपीय समुदायातील देशांत हिरवे कार्ड नाक्यावर दाखविण्याची गरज त्याआधीच सरली होती. २०२० पासून ते पांढऱ्या कागदावर छापले तरी चालते. नाव तेवढे हिरवे राहिले आहे.

म्हणजे आता तयारी उरलीच नाही असे नव्हे. स्वित्झर्लंडच्या महामार्गावर पट्टी विकत घ्यावी लागते, कित्येक जर्मन शहरांत धुराच्या प्रमाणाची चकती काचेवर लावावी लागते, आणि फ्रान्समध्ये २००८ पासून चमकते जाकीट आणि इशाऱ्याचा त्रिकोण गाडीत असावा लागतो. पूर्वीचे कागद ‘तू कोण?’ असे विचारीत. आजचे विचारतात, ‘तुझ्यामुळे आमच्या हवेला आणि जिवाला काय होईल?’ माझ्या मते हा प्रश्न अधिक शहाणपणाचा आहे.

पण झालेली सुधारणा कायमची, या भ्रमातही राहू नये. २०२० च्या मार्चमध्ये साथ आली, तेव्हा ज्या सीमा नव्या पिढीने पाहिल्याही नव्हत्या त्यांवर रातोरात अडथळे उभे राहिले. २०२४ च्या सप्टेंबरात जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर पुन्हा तात्पुरती तपासणी सुरू केली. नाक्याची चौकी पाडायला दहा वर्षांच्या वाटाघाटी लागतात. शिपाई पुन्हा उभा करायला एक रात्र पुरते.

आपल्याकडील कित्येक कुटुंबे आता सुट्टीत युरोपला जाऊन भाड्याची मोटार घेतात. निघण्यापूर्वी आर.टी.ओ.च्या कचेरीतून एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढतात. अनेक भाषांत तोच तो मजकूर छापलेली ती लहानशी पुस्तिका हाती येते आणि बहुतेक जण ती न उघडताच पासपोर्टात खुपसतात. या वेळी ती जरा उघडून पाहावी. पुण्याच्या कचेरीने केलेली परीक्षा मिलानच्या पोलिसाने मानावी, असे तिच्या प्रत्येक पानावर दुसऱ्या दुसऱ्या लिपीत लिहिलेले असते. आपण त्या पोलिसाला ओळखत नाही, तो आपल्याला ओळखत नाही. तरी तो ती पाहून परत देतो आणि हाताने पुढचा रस्ता दाखवितो.