बोट नसलेला हात

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मी जिथं अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट एका पुस्तकाची आहे आणि ते लिहिणाऱ्या माणसाची. तुमच्या घरात, चाळीत किंवा हॉस्टेलच्या शेजारच्या खोलीत कुणी एमबीबीएस करत असेल, तर त्याच्या टेबलावर एक जाडजूड पुस्तक दिसेल. मुलं त्याला नुसतं 'बेली' म्हणतात. पूर्ण नाव 'बेली अँड लव्हज शॉर्ट प्रॅक्टिस ऑफ सर्जरी'. नावात 'शॉर्ट' आहे, पण उशीखाली ठेवलं तर मान अवघडेल.

मीही ते पुस्तक घेतलं होतं. आणि मी जनरल सर्जरीत नापास झालो होतो.

आधी ही परीक्षा काय असते ते थोडक्यात सांगतो. शेवटच्या वर्षाला सर्जरीची लेखी परीक्षा असते, तिची भीती कमी वाटते. खरी भीती प्रॅक्टिकलची. एका टेबलावर अवजारं मांडलेली असतात, एका टेबलावर एक्स-रे, एकीकडे बरण्यांत ठेवलेले अवयवांचे नमुने. आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे लाँग केस. तुम्हाला एक खराखुरा पेशंट देतात. त्याच्याशी बोलायचं, त्याला तपासायचं आणि मग एक्झामिनरसमोर उभं राहून सगळं सांगायचं.

मला हर्नियाची केस आली. मी मनातून उड्या मारल्या, कारण हर्निया मला तोंडपाठ होता. खोकताना गाठीत लागणारा धक्का, दाबल्यावर गाठ आत जाते का, आतल्या छिद्रावर बोट ठेवून करायची टेस्ट, तीन बोटांची टेस्ट. घडाघडा सगळं म्हणून दाखवलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेशंटला उभं केलं होतंस का?"

केलं नव्हतं. झोपवूनच तपासलं होतं. हर्निया आधी उभं करून बघायचा असतो, कारण झोपल्यावर गाठ आत सरकून दिसेनाशी होऊ शकते. हे मला माहीत होतं. लिहून दाखवा म्हटलं असतं तर लिहूनही दाखवलं असतं. सरांनी दुसरा प्रश्न विचारला, "काय काम करतात हे?" तेही मी विचारलं नव्हतं. कॉटवरचे काका स्वतःच म्हणाले, "हमाली करतो साहेब. पोती उचलतो." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "मागच्या पोरानं उभं केलं होतं मला. मला वाटलं तुम्ही पण सांगाल."

निकाल तिथंच लागला होता, कागदावर नंतर आला.

सप्लीमेंटरीच्या अभ्यासाला मी लायब्ररीत बसायला लागलो, कारण हॉस्टेलवर कुणाला तोंड दाखवायची इच्छा नव्हती. तिथं जुन्या पुस्तकांच्या कपाटात एक पुस्तक सापडलं: 'डेमॉन्स्ट्रेशन्स ऑफ फिजिकल साइन्स इन क्लिनिकल सर्जरी'. लेखक हॅमिल्टन बेली. म्हणजे आपल्या 'बेली'तलेच बेली. पुस्तक फोटोंनी भरलेलं होतं. पोट कसं चाचपायचं, गाठ कशी धरायची, बोटं कुठं ठेवायची, सगळे हातांचे फोटो. बघता बघता लक्षात आलं की काही फोटोंतल्या डाव्या हाताला तर्जनीच नाही.

तो हात खुद्द बेलींचा होता.

हॅमिल्टन बेली १८९४ साली इंग्लंडमध्ये जन्मले. वडील डॉक्टर. सोळाव्या वर्षी ते लंडन हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षणाला लागले. शिक्षण चालू असतानाच १९१४ चं महायुद्ध पेटलं. हा विद्यार्थी रेड क्रॉसबरोबर बेल्जियमला गेला आणि थेट जर्मनांच्या कैदेत सापडला. सुटून आल्यावर नौदलात गेला. युद्धानंतर १९२० मध्ये त्यांनी एफआरसीएस केलं आणि सर्जन म्हणून काम सुरू केलं. पुढं बोटाला इन्फेक्शन झालं. अँटिबायोटिक्स यायला अजून बरीच वर्षं होती. शेवटी डाव्या हाताची तर्जनी कापावी लागली.

आता विचार करा. सर्जनचं सगळं हातावर चालतं. आणि हा माणूस त्याच हाताचे फोटो काढून जगभरच्या विद्यार्थ्यांना दाखवतो, पोट असं तपासा म्हणून. 'फिजिकल साइन्स' १९२७ मध्ये आलं. त्या काळात सोनोग्राफी नव्हती. सीटी स्कॅन यायला चाळीसहून जास्त वर्षं होती. एक्स-रे होते, पण पोटातलं फारसं काही त्यात कळायचं नाही. ॲपेंडिक्स सुजलंय, पित्ताशयाला सूज आहे की आतडं अडकलंय, हे डोळ्यांनी, हातांनी आणि पेशंटशी बोलून ठरवायचं. चुकलं तर विनाकारण पोट फाडलं जाणार, किंवा वेळेवर न फाडल्यामुळं माणूस जाणार. आपली लाँग केसची पद्धत याच काळातल्या गरजेची आठवण आहे. आधी बघा, मग हात लावा, मग बोटांनी वाजवून बघा, मग स्टेथोस्कोप लावा. हा क्रम परीक्षेनं शोधून काढलेला नाही, सर्जनांचं रोजचं काम असंच चालायचं.

१९३२ मध्ये बेलींनी आपले सहकारी मॅकनील लव्ह यांच्याबरोबर 'शॉर्ट प्रॅक्टिस ऑफ सर्जरी' आणलं. नव्वदहून जास्त वर्षं झाली, लेखक बदलले, संपादक बदलले, पंचवीसहून जास्त आवृत्त्या निघाल्या. नाव मात्र तेच राहिलं. मुंबईत, नागपुरात, मिरजेत, अंबाजोगाईत, मेडिकल कॉलेज जिथं आहे तिथं ते पोचलं.

या पुस्तकाची एक गंमत आहे, जी परीक्षेच्या घाईत कुणी बघत नाही. पानाच्या तळाला बारीक अक्षरांत टिपा असतात. वर मजकुरात एखाद्या डॉक्टरचं नाव आलं, की खाली तो कोण, कुठला, कधीचा, हे एका ओळीत दिलेलं असतं. याला मार्क नाहीत, म्हणून डोळे सरळ पुढच्या पानावर जातात. बेलींना मात्र या नावांचं भारी वेड. १९४४ मध्ये त्यांनी डब्ल्यू. जे. बिशप यांच्याबरोबर अशा नावांमागच्या माणसांवर स्वतंत्र पुस्तकच काढलं.

नापास झाल्यावर माझ्याकडं वेळच वेळ होता. मी त्या टिपांमागची माणसं शोधायला लागलो.

'मॅकबर्नीज पॉइंट' प्रत्येकाला पाठ असतो. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी यांना जोडणारी रेघ मनात काढायची, हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर बोट ठेवायचं. ॲपेंडिक्सच्या दुखण्यात सगळ्यात जास्त तिथं दुखतं. चार्ल्स मॅकबर्नी हे न्यूयॉर्कचे सर्जन, जन्म १८४५ चा. म्हणजे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्याच वर्षीचा. १८८९ मध्ये त्यांनी या बिंदूबद्दल लिहिलं. एका बोटाच्या टोकाएवढी जागा त्यांनी दाखवून दिली. पोट डाव्या बाजूला दाबलं आणि दुखलं उजवीकडं, तर ती 'रोवसिंग साइन'. रोवसिंग कोपनहेगनचे.

आणि मग ट्रूसो. या नावावर वायवात हमखास फसवतात, कारण त्यांच्या नावाच्या दोन साइन आहेत. एक कॅल्शियम कमी झाल्यावरची: दंडाला बीपीचा पट्टा आवळला की हात वाकडा होतो. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर ती आठवणीनं बघतात. दुसरी म्हणजे शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात, आज इथं तर उद्या तिथं, आणि मागं पोटात कुठंतरी कॅन्सर लपलेला असतो. आर्मांड ट्रूसो पॅरिसचे डॉक्टर. १८६५ मध्ये त्यांनी हा संबंध शिकवला. पुढं तशीच गुठळी त्यांच्या स्वतःच्या शिरेत झाली. आपल्याला काय झालंय हे त्यांना लगेच कळलं, कारण ते त्यांनीच शोधलं होतं. १८६७ मध्ये पोटाच्या कॅन्सरनं ते गेले. हे वाचल्यावर त्या दोन साइनमध्ये माझा पुन्हा कधी गोंधळ झाला नाही.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते खुद्द बेलींच्या पुढच्या आयुष्यानं.

१९४३ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा रेल्वे अपघातात गेला. शाळकरी वयाचा होता. बेलींनी स्वतःला कामात गाडून घेतलं, पण मन सावरलं नाही. काही वर्षांत मानसिक आजार इतका वाढला की ऑपरेशन करणं थांबलं आणि त्यांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. तिथं वर्षं गेली. ज्याच्या पुस्तकातून सगळे सर्जन शिकत होते, तो माणूस बंद दारामागं होता.

१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी लिथियमचा उपयोग मांडला होता. एक साधा क्षार, पण उन्मादाच्या आजारात गुण देत होता. ब्रिटनमध्ये हे औषध मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या पेशंटमध्ये बेली होते. ते बरे झाले, बाहेर आले. सर्जन म्हणून पुन्हा उभे राहिले नाहीत, पण पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांवर कामाला बसले.

मी हे वाचलं तेव्हा माझा रूममेट दोन महिने नीट जेवत नव्हता. तोही सर्जरीतच अडकला होता, दुसऱ्यांदा. घरी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे त्याला म्हणायचो, "अरे, वाच ना बेली, होईल." त्या रात्री मी त्याला बेलीच उघडून दिलं नाही, बेलींची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ह्यालापण डॉक्टरकडं जावं लागलं?" दोन दिवसांनी आम्ही दोघं मानसोपचार ओपीडीत गेलो. मी बाहेरच्या बाकावर बसलो. त्याला औषध लागलं, वेळ लागला. आज तो प्रॅक्टिस करतोय. त्याची परवानगी घेऊनच हे सांगतोय.

बेली १९६१ मध्ये स्पेनमध्ये वारले. आतड्यात अडथळा आला, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतरच्या गुंतागुंतीतून ते उठले नाहीत. आतड्याचा अडथळा हा त्यांच्या पुस्तकातला एक मोठा धडा. परीक्षेला दरवर्षी असतो.

आणि माझं काय झालं? सप्लीमेंटरीला पुन्हा लाँग केस आली. यावेळी कॉटवर एक आजी होत्या, मानेत गाठ. मी खुर्ची ओढून बसलो आणि आधी विचारलं, "आजी, घरी कोण कोण असतं?" आजी बोलत सुटल्या. बोलता बोलता त्यांनी पाणी प्यायला मागितलं आणि घोट गिळताना गाठ वर सरकलेली मला दिसली. थायरॉइडची गाठ अशीच हलते. पुस्तकात तेच लिहिलंय, "पेशंटला घोटभर पाणी गिळायला सांगा." मी सांगायच्या आधीच आजींनी ते करून दाखवलं होतं.

पास झालो. मार्क बेताचेच.

तर परीक्षेला बसणाऱ्या मंडळींनो, पानाच्या तळाची ती बारीक ओळ एकदा वाचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आणि शेजारच्या खोलीतला कुणी बरेच दिवस गप्प असेल, तर पुस्तक मिटून आधी त्याचं दार वाजवा.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.