घोड्यांच्या तरीचं गाव : लोरेव

मागच्या व्याख्यानात आपण १६९० च्या मोठ्या स्थलांतराबद्दल बोललो. पॅट्रिआर्क आर्सेनिये चार्नोयेविच यांच्यामागून हजारो सर्ब कुटुंबं हंगेरीत उतरली. पण हंगेरीतले सगळे सर्ब तेव्हाच आले, असा समज झाला असेल तर तो आज दुरुस्त करू. बुडापेस्टच्या दक्षिणेला डॅन्यूबमध्ये चेपेल नावाचं लांबलचक बेट आहे. तुर्की हल्ल्यांमुळे कोविन सोडून आलेले सर्ब तिथे १४४० मध्येच वसले, म्हणजे अडीचशे वर्षं आधी. त्यांच्या गावाचं नाव रात्सकेवे. 'रात्स' हा सर्बांसाठीचा जुना हंगेरियन शब्द, आणि 'केवे' म्हणजे त्यांनी मागे सोडलेलं कोविन. गाव सुटलं, नाव बरोबर आलं.

आपलं गाव मात्र त्याच बेटावरचं लोरेव, सर्बियनमध्ये लोवरा. जेमतेम तीनशे वस्तीचं. हंगेरियनमध्ये 'लो' म्हणजे घोडा, 'रेव' म्हणजे तर. पलीकडच्या काठावर अदोन्य, आणि तिकडे जायला आजही तर आहे.

या तरीमुळेच १८४८ मध्ये गावाचं नाव इतिहासात आलं. येलाचिचचं सैन्य हंगेरीवर चालून आलं होतं. काउंट ओडोन झिची हा बडा जमीनदार येलाचिचच्या जाहीरनाम्यांसह पकडला गेला. मेजर ग्योर्गेई यांच्या लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं आणि ३० सप्टेंबरला लोरेवमध्ये फाशी दिली. पुढे त्याच्या स्मरणार्थ तिथे चॅपल उभं राहिलं. गंमत बघा, दक्षिणेत सर्ब आणि हंगेरियन एकमेकांशी लढत असताना सर्बांच्या गावात हंगेरियन उमरावाला हंगेरियनांनीच लटकवलं!

पण गावाची खरी परीक्षा १९२० नंतर झाली, आणि तिथे एकही गोळी सुटली नाही. त्रियानोनच्या तहाने लोकांना नागरिकत्व निवडायची मुभा दिली. हंगेरीतल्या सर्बांपैकी फार मोठ्या संख्येने लोकांनी नव्या सर्ब-क्रोएट-स्लोव्हेन राज्याची निवड केली. निवड म्हणजे नुसती सही नव्हे. घर, शेत, पूर्वजांच्या कबरी सोडून निघायचं. कित्येक गावांत देवळं उरली, माणसं गेली. आम्हाला वाटतं, तुर्कांपासून पळण्यापेक्षा हे अवघड असावं. तिथे निदान दोष द्यायला शत्रू होता. इथे एकाच घरात एक भाऊ 'जाऊ' म्हणणार, दुसरा 'राहू'.

लोरेवमध्ये मात्र पुरेसे लोक राहिले. हंगेरीत आज सर्ब वस्ती ठळक असलेली गावं अगदी मोजकी, त्यातलं हे एक. इथल्या सर्ब घरांत नाताळ ७ जानेवारीला येतो, कारण त्यांचं चर्च जुनं ज्युलियन पंचांग पाळतं. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी मागे राहिलेल्या कोविनमध्येही तो त्याच दिवशी असतो.