शाळेत धर्म शिकवावा का? देव न मानणाऱ्या आईबापांची गोष्ट

आम्ही धनजहून बोलतोय, तालुका कारंजा, जिल्हा वाशीम. आम्ही म्हणजे गावोगावच्या बचत गटांचं काम पाहणाऱ्या सहयोगिनी. हप्ता, व्याज, बँकेचं कर्ज यावर आपण दर वेळी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण तोही गटाच्या बैठकीतूनच आला.

एका गावात वसुली झाल्यावर शाळेच्या गप्पा निघाल्या. एक जण म्हणाली, आमच्या घरी देव्हारा नाही, आम्ही दोघंही पूजा करत नाही. शाळेत पूजेसाठी नारळ आणायला सांगतात. "नारळ नाई देला त पोट्टं रडते, देला त आमाले पटत नाई." बाकीच्या बाया हसल्या. एका नारळानं काय होते, असं कोणी म्हणालं. हात जोडले तर लेकराला चांगलंच वळण लागते, असंही कोणी म्हणालं. मग एका मुस्लीम बाईनं हळूच विचारलं, "पण कोणाचं मन नसंन तर जबरदस्ती करता येते का?" त्यावर सगळ्या गप्प झाल्या. कायदा काय म्हणतो आणि तो कुठून आला, हे शोधायचं आम्ही तिथंच ठरवलं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. सरकारी शाळेत धर्म नको, हे नास्तिकांनी काढलेलं खूळ आहे असं बऱ्याच जणींना वाटतं. इतिहास तसा नाही. इंग्रजांच्या काळात मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, तेव्हा आपलं पोर तिथं जाऊन बाटेल अशी धास्ती घेतली ती देवपूजा करणाऱ्या घरांनी. इंग्रज सरकारलाही ते लचांड नको होतं. १८५४ साली विलायतेहून शिक्षणाचा मोठा खलिता आला. सरकारी शाळेतलं शिक्षण धर्मापासून वेगळं ठेवा, असं त्यात स्पष्ट सांगितलं होतं. बायबल शाळेच्या ग्रंथालयात ठेवता येईल. एखाद्या विद्यार्थ्यानं आपणहून विचारलं तर मास्तरांनी शाळेची वेळ सोडून समजावून सांगावं, त्यापुढे जाऊ नये. म्हणजे ही भिंत बांधली गेली तेव्हा तिच्या आडोशाला उभी होती ती श्रद्धाळू माणसंच.

देव न मानणारी माणसंही त्या काळात होती, आणि त्यांतलं एक मोठं नाव आपल्या जवळचं आहे. गोपाळ गणेश आगरकर जन्मले १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभूला, पण शिकायला आले अकोल्याला आणि मॅट्रिक झाले ते तिथूनच. आपला वाशीम जिल्हा १९९८ पर्यंत अकोल्यातच होता, म्हणून त्यांच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. पुढं पुण्यात त्यांनी टिळक, चिपळूणकरांसोबत न्यू इंग्लिश स्कूल काढली. १८८८ साली 'सुधारक' हे पत्र सुरू केलं. देव आहे की नाही हे माणसाला कळू शकत नाही, म्हणून बुद्धीला पटेल तेच करावं, हे त्यांचं मत. मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि एकत्र द्या, हेही त्यांनी तेव्हा लिहिलं. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. घरात मात्र त्यांच्या पत्नी यशोदाबाई देवाधर्माचं करत, आणि आगरकरांनी ते बंद पाडलं नाही. आम्हाला हा माणूस त्यासाठी जास्त आवडतो. 'माझं मत माझ्यापाशी, तुझं तुझ्यापाशी' हे बोलायला सोपं आहे, घरात वागायला अवघड.

जोतिराव फुले नास्तिक नव्हते, ते एक निर्मिक मानत. पण त्यांच्या मरणानंतर १८९१ साली आलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. त्यात आईनं वाचून-समजून बौद्ध धर्म घ्यावा, बापानं ख्रिस्ती, मुलीनं मुसलमानी आणि मुलानं सत्यधर्म, आणि तरी सगळ्यांनी एका घरात प्रेमानं राहावं. त्यातलं 'वाचून' महत्त्वाचं. लेकरानं आधी वाचायचं आणि मग ठरवायचं, बापानं ठरवून लेकरानं पाठ करायचं नाही.

आता १९४८ सालात येऊ. त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या, एक अमेरिकेत आणि एक दिल्लीत.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात शॅम्पेन नावाचं गाव आहे. तिथल्या सरकारी शाळेत आठवड्यातून एकदा, शाळेच्याच वेळात, बाहेरचे शिक्षक येऊन धर्माचा तास घेत. आईबापांनी चिठ्ठीवर सही केली तरच मूल त्या तासाला बसे. वरवर पाहता यात जबरदस्ती कुठं दिसत नाही. वाश्ती मॅकॉलम नावाची एक आई देवधर्म मानत नव्हती, तिनं सही केली नाही. पाचवीतला तिचा मुलगा जेम्स त्या तासाला वर्गाबाहेर. त्याला व्हरांड्यात एकटं बसवलं जाई. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना वाटायचं याला शिक्षा झालीय. मग चिडवणं, ढकलणं सुरू झालं. आई कोर्टात गेली. तिथल्या कोर्टांत हरली, तिची नोकरी गेली, शिव्यांची पत्रं आली. शेवटी ८ मार्च १९४८ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं तिच्या बाजूनं निकाल दिला. सरकारी शाळेच्या इमारतीत, शाळेच्या वेळात असा तास चालवता येणार नाही. आठ मार्च आपण महिला दिन म्हणून पाळतो, पण ही बाई कोणाच्या भाषणात आम्ही आजवर ऐकली नाही.

त्याच वर्षी ७ डिसेंबरला दिल्लीत आपल्या संविधान सभेत हाच प्रश्न आला. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माची शिकवण द्यायची की नाही? फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर देताना तीन कारणं मांडली. ती अशी आहेत की गटाच्या हिशेबासारखी कोणालाही कळावीत. पहिलं कारण पैशाचं. एखाद्या धर्मासाठी लोकांवर कर लावायचा नाही असं आपण आधीच ठरवलं आहे. मग जिल्ह्याच्या लोकल बोर्डाच्या शाळेत, जास्त पोरं हिंदू आहेत म्हणून हिंदू धर्म शिकवला, तर सगळ्यांच्या करातून एका धर्माचा खर्च झाला. लोकल बोर्ड म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेसारखंच समजा, म्हणजे बाबासाहेब आपल्याच शाळेचं बोलत होते. दुसरं कारण, आपल्याकडचे धर्म आणि पंथ किती! मुंबईच्या एका शाळेत हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू पोरं असतील, आणि हिंदूंतही शैव वेगळे, वैष्णव वेगळे. सगळ्यांना सारखं वागवायचं तर सगळ्यांचेच तास घ्यावे लागतील, ते कोणाच्या हातून होणार? तिसरं कारण जरा कडू आहे. प्रत्येक धर्म म्हणतो माझीच वाट खरी. हा वाद वर्गात आणला तर शाळेची शांतता राहणार नाही.

यातूनच आपल्या संविधानाचं कलम २८ झालं. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते तिथं धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. एखाद्या ट्रस्टनं त्यासाठीच काढलेली आणि आता सरकार चालवतं अशी शाळा असेल तर तिला सूट आहे. जी शाळा सरकारमान्य आहे किंवा अनुदान घेते, तिथं धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला कोणालाही सक्तीनं बसवता येत नाही. लहान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते.

कायदा झाला म्हणून वाद मिटला नाही. १९९९ साली आपल्याच मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण ज्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते, तिनं अहवाल दिला की मुलांना सत्य, प्रेम, अहिंसा ही मूल्यं शिकवा आणि सगळ्या धर्मांची मूळ तत्त्वंही सांगा. पुढं अभ्यासक्रमात तसं आलं तेव्हा काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००२ साली न्यायालय म्हणालं, धर्मांविषयी माहिती देणं वेगळं आणि एका धर्माची दीक्षा दिल्यासारखं शिकवणं वेगळं. पहिल्याला कलम २८ ची आडकाठी नाही.

हा फरक आम्हाला पटतो. देव न मानणाऱ्या ज्या आईबापांशी आमचं बोलणं झालं, त्यांनाही पटतो. वारकरी कोण, बुद्ध काय म्हणाले, ईद का असते, महानुभावांची रिद्धपूरला काय जागा आहे, हे पोराला माहीत नसेल तर त्याला आपला विदर्भच कळणार नाही. तुकोबांचे अभंग मराठीच्या पुस्तकातून काढा, असं त्यांतलं कोणीच म्हणत नाही. अडतं ते माहिती संपून कृती सुरू होते तिथं. सरस्वती कोण हे सांगा, पण तिच्यापुढं माथा टेकायला लावू नका. एका बापाचं म्हणणं याहून कडक होतं. धर्माचं काहीच नको, शाळेत गणित-विज्ञान शिकवा, बाकी आम्ही घरी पाहू. एका आईचं म्हणणं उलटं. सगळं करू द्या त्याला, मोठा होऊन तोच ठरवंल. म्हणजे देव न मानणाऱ्यांचंही एकमत नाही. दुरून बघणाऱ्याला ते सगळे एकसारखे वाटतात, एवढंच.

आता जवळचे खटले. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतले शिक्षक संजय साळवे प्रार्थनेला उभे राहायचे, पण हात जोडायचे नाहीत. त्यावरून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की हात जोडायची सक्ती करता येत नाही. त्या शाळेला नाव सावित्रीबाई फुल्यांचं, हे वाचून आम्ही थोडा वेळ थांबलो. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर २०१४ ला, त्याच न्यायालयानं म्हटलं की मला कोणताच धर्म नाही, असं सांगण्याचा हक्क माणसाला आहे आणि सरकार कोणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. शाळेच्या दाखल्यावर धर्माचा रकाना मोकळा सोडू इच्छिणाऱ्या आईबापांना हा निकाल कामाचा आहे. तामिळनाडूतल्या तिरुपत्तूरच्या वकील स्नेहा यांच्या आईवडिलांनी त्यांचा तो रकाना पहिलीपासून कोराच ठेवला होता. २०१९ साली त्यांना जातही नाही आणि धर्मही नाही असा सरकारी दाखला मिळाला.

सगळ्यात जवळचा खटला मात्र अजून वरच आहे. जबलपूरचे वकील विनायक शहा यांची मुलं केंद्रीय विद्यालयात होती. ते स्वतः नास्तिक. तिथल्या सकाळच्या संस्कृत प्रार्थनेवर त्यांनी आक्षेप घेतला. ही प्रार्थना उपनिषदातली आहे, अंधारातून उजेडाकडे ने अशा अर्थाची. सरकारी वकील म्हणाले, यात धर्म कुठं आहे? सर्वोच्च न्यायालयाचं स्वतःचं ब्रीदवाक्यही महाभारतातलंच आहे. बोलणं बिनतोड वाटतं. पण ब्रीदवाक्य भिंतीवर असतं, त्यापुढं हात जोडून रोज म्हणायचं नसतं, असं आमचं मत. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयानं हा प्रश्न मोठ्या घटनापीठापुढं ठेवावा असं ठरवलं. शाळेतली प्रार्थना म्हणजे 'धार्मिक शिक्षण' की नाही, हाच तो प्रश्न.

मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात गीता आणि मनाचे श्लोक यांचं पाठांतर सुचवलं होतं, आणि एका प्रकरणाच्या सुरुवातीला मनुस्मृतीतला श्लोक होता. त्यावर खूप ओरड झाली आणि मनुस्मृती अभ्यासक्रमात येणार नाही असं मंत्र्यांना सांगावं लागलं. मनुस्मृतीत बाईला काय जागा आहे हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे त्यावर बोलायला देव न मानणारं असायची गरज नाही.

शेवटचं उदाहरण बेलफास्टचं, तिकडं उत्तर आयर्लंडात. एका घरी देवधर्म नाही, आणि त्यांची लहान मुलगी शाळेतून येऊन जेवणाआधी देवाचे आभार मानू लागली. आईबाप कोर्टात गेले. शाळेचं म्हणणं, नको असेल तर मुलीला त्या तासातून काढून घ्या, तशी सोय कायद्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एवढी सोय पुरेशी नाही, त्यानं मूल एकटं पडतं आणि आईबापांवर नको तो भार येतो. सत्त्याहत्तर वर्षांनी जेम्सचा व्हरांडा पुन्हा कोर्टात आला म्हणायचा.

म्हणून आम्ही ज्या गावात जातो तिथं एकच गोष्ट सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया. बऱ्याच गटांतल्या बाया तिच्यात सदस्य आहेत आणि फक्त पोषण आहाराच्या सह्या करतात. पूजेचा नारळ, वर्गणी, प्रार्थना कोणती आणि कशी, हे त्या बैठकीत काढता येतं. २०२० पासून आपल्याकडच्या शाळांत संविधानाची उद्देशिका वाचायची आहे. तुमच्या शाळेत ती रोज होते का, एवढं विचारलं तरी बोलणं सुरू होतं. आणि अनुदानित शाळेत कोणी म्हणालं की नको असेल तर तसा अर्ज द्या, तर कलम २८ चा तिसरा भाग पुढं करा. नकाराचा अर्ज पालकानं द्यावा असं तिथं कुठंच लिहिलेलं नाही. लेकराला उपासनेला बसवायच्या आधी पालकाचा होकार घ्यायचा, असं लिहिलं आहे.