वीस अंशांची रेघ

वीस अंश उत्तर अक्षांश नाशिक शहरातूनच जातं. भारतीय सर्वेक्षण विभागाने तिथेच नकाशाचा कागद संपवला; म्हणून रामकुंड ४६ एच/१६ या पत्रकावर, तर नाशिकरोड-देवळाली ४७ ई/१३ वर. एनसीसीत आमच्या सुभेदारांनी पहिल्याच दिवशी दोन्ही पत्रकं कडेला कड लावून चिकटवायला सांगितली. जुनी पत्रकं मैलाला इंच, आमची किलोमीटरला दोन सेंटिमीटर.

या गावाला हे शिक्षण नवं नव्हतं. डॉ. मुंज्यांनी १९३७ साली भोसला सैनिकी शाळा काढली; शिवाय देवळालीत लष्कराची तोफखान्याची शाळा. आणि नकाशा न वाचणारा तोफखाना शेजाऱ्यांनाच धोका.

होकायंत्राच्या बाबतीत नाशिककर नशीबवान. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत इथे अंशाचाही फरक नाही. रामशेजचा कोन घ्यायचा, पांडवलेण्याच्या डोंगराचा घ्यायचा, दोन्हींत १८० मिळवायचे किंवा वजा करायचे आणि नकाशावर त्या खुणांपासून रेघा ओढायच्या. छेदतील तिथे आपण. पावसाळी धुक्यात मात्र दोन्ही डोंगर गायब. मग पावलं मोजा!

ही पत्रकं तेव्हा सहजी मिळत नसत. २००५ च्या धोरणाने नागरिकांसाठी वेगळी मालिका आली, २०२१ मध्ये निर्बंध आणखी सैलावले.