कोळशाचे दिवस सरताना



व्याख्यानमालेच्या चालकांनी हवामानबदल आणि स्वच्छ विजेचे राजकारण हा विषय माझ्याकडे सोपवला, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. जे थोडेफार वाचले ते रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा शास्त्र सांगण्याचा अधिकार मला नाही. मी आज आपणांस इतिहास सांगणार आहे, आणि तोही कोळशाचा. पृथ्वी तापली ती प्रामुख्याने कोळसा आणि तेल जाळल्यामुळे, याविषयी आता वाद उरलेला नाही. परंतु कोळसा जाळणे थांबवा असे म्हटले की लागलीच दुसरा प्रश्न पुढे येतो: तो कोळसा काढणाऱ्या माणसाचे काय? या प्रश्नाला दोन देशांनी दोन उत्तरे दिली. ती दोन्ही आपण पाहू.

१२ जानेवारी १८८२ रोजी लंडनच्या हॉबर्न व्हायाडक्ट येथे एडिसनच्या कंपनीने कोळशावर चालणारे वीजघर सुरू केले. लोकांना वीज पुरवणारे कोळशाचे असे ते जगातील पहिलेच. पुढे ३० सप्टेंबर २०२४ रोजी नॉटिंगहॅमजवळील रॅटक्लिफ येथील वीजघर थंड झाले आणि ब्रिटनमध्ये कोळशापासून वीज करण्याचा अध्याय संपला. ज्या देशाने हा धंदा जगाला शिकवला, त्याने १४२ वर्षांनी तो बंद केला.

कोळशाचे दुष्परिणाम कोणाला ठाऊकच नव्हते, असे मात्र समजू नका. १८५९ साली जॉन टिंडल याने लंडनमध्ये प्रयोगास आरंभ केला आणि कर्बवायू उष्णता अडवून धरतो हे दाखवले. १९३८ साली गाय कॅलेंडर नावाच्या वाफेच्या यंत्रांवर काम करणाऱ्या एका इंजिनिअराने जगभरच्या जुन्या नोंदी गोळा केल्या आणि हवेतील कर्बवायू व तापमान ही दोन्ही वाढत आहेत असे मांडले. हवामानशास्त्र हा त्याचा पेशा नव्हता. हा अभ्यास त्याने फावल्या वेळात केला होता. विद्वानांनी त्याचे ऐकून घेतले आणि विषय बाजूला ठेवला. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुराचे धुके बसले व हजारो माणसे दगावली, तेव्हा कोठे १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. डोळ्यांना झोंबणाऱ्या धुरावर कायदा झाला. न दिसणाऱ्या कर्बवायूवर होण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

आता खाणकामगारांकडे वळू. १९२० च्या सुमारास ब्रिटनमध्ये खाणकामगारांची संख्या बारा लाखांच्या घरात होती. १ जानेवारी १९४७ रोजी खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, तेव्हा कामगारांनी आनंदाने झेंडे लावले. मार्च १९८४ मध्ये त्याच राष्ट्रीय मंडळाने वीस खाणी आणि वीस हजार जागा कमी करण्याचा बेत जाहीर केला आणि संप भडकला. एका बाजूस पंतप्रधान मार्गारेट थॅचर, दुसऱ्या बाजूस खाणकामगारांचे पुढारी आर्थर स्कारगिल. जवळजवळ वर्षभर घरे उपाशी राहिली. मार्च १९८५ मध्ये कामगार कोणताही करार पदरात न पडता, बँड वाजवीत, परंतु हरून कामावर परतले. पुढच्या दहा वर्षांत बहुतेक खाणी बंद पडल्या. यॉर्कशरमधील केलिंग्ली ही शेवटची मोठी खोल खाण डिसेंबर २०१५ मध्ये मिटली.

आता कोणी म्हणेल, वाईट झाले खरे, पण हवा तर स्वच्छ झाली ना? येथेच इतिहास नीट वाचावा लागतो. त्या खाणी पैशाच्या हिशेबाने आणि संघटना मोडण्याच्या हेतूने बंद झाल्या, हवेसाठी नव्हे. याच थॅचरबाईंनी सप्टेंबर १९८८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे पृथ्वीच्या तापण्याविषयी इशारा देणारे भाषण केले, आणि ते भाषण शास्त्राच्या दृष्टीने योग्यच होते. समुद्रातील नैसर्गिक वायू आल्यामुळे काही कोळसा कमी झाला हेही खरे. तरीसुद्धा २०१२ साली ब्रिटनमधील चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाचीच होती, आणि त्यातला पुष्कळसा कोळसा रशिया, कोलंबिया, अमेरिका येथून जहाजाने येत होता. म्हणजे स्वदेशी खाणकामगार गेला आणि धुराडे तसेच राहिले! धुराडे थांबले ते पुढे: २००८ चा हवामान कायदा, २०१३ पासून कर्बवायूवर बसवलेली किमान किंमत, आणि समुद्रात उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या यांमुळे. कामगाराला चिरडल्याशिवाय हवा सुधारत नाही, हे म्हणणे ब्रिटनच्या इतिहासानेच खोटे ठरवले आहे.

आता जर्मनीतील रूर या कोळशाच्या मुलखाकडे पाहा. तेथे १९५७-५८ पासूनच कोळशाचा धंदा उतरणीस लागला होता. परंतु तेथील कामगारांच्या हाती एक गोष्ट होती. १९५१ साली संपाची तयारी दाखवून त्यांनी असा कायदा मिळवला होता की, कोळसा व पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारपक्षाच्या असाव्यात. त्यामुळे खाण केव्हा मिटायची याची चर्चा त्यांच्यासमक्ष होई. १९६८ साली बहुतेक खाणी एका कंपनीत आणल्या गेल्या. वय झालेल्यांना मुदतीपूर्वी निवृत्तिवेतन, तरुणांना दुसरा धंदा शिकण्याची सोय, आणि ज्या प्रदेशात विद्यापीठ नव्हते तेथे बोखुम येथे १९६५ साली विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. २००७ साली सरकार, कंपनी व संघटना यांनी शेवटचे वर्षही ठरवले. २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोप येथील शेवटच्या खाणीतून काढलेला कोळशाचा तुकडा कामगारांनी राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हाती दिला. त्या दिवशी डोळ्यांत पाणी होते. पण भाकरीची भ्रांत नव्हती.

रूर म्हणजे स्वर्ग, असे मी म्हणत नाही. तेथे सरकारी तिजोरीतून अफाट पैसा गेला, गेल्झनकिर्शनसारख्या शहरात बेकारी अजून मोठी आहे, आणि त्या देशात तपकिरी कोळसा अद्याप जळतो. तो उशिरात उशिरा २०३८ पर्यंत थांबवण्याचा कायदा २०२० साली झाला. तरीही फरक स्पष्ट आहे. एका देशाने आधी टाळे लावले आणि मग माणसे मोजली. दुसऱ्याने आधी माणसे मोजली आणि मग टाळे लावले.

हा फरक मला पुस्तकात प्रथम भेटला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडील साच्यावर होते आणि आई दहा-बारा गिरणी कामगारांची खाणावळ चालवी. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुष्कळसे पुन्हा आत गेलेच नाहीत. पुढे देण्याघेण्याच्या गोष्टी निघाल्या, तेव्हा वडिलांचे नाव निदान हजेरीपटावर होते. आईचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते. तिची चूल मात्र त्याच भोंग्यावर पेटत असे.

असे असूनही माझ्या हातून जी चूक झाली, ती येथे सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी चंद्रपूर भागातील एका द्वारसभेत एका कंत्राटी कामगाराने विचारले, "भाऊ, हा कोळसा अजून किती वर्षं चालन?" मी छाती काढून उत्तर दिले, "तुझ्या नातवापर्यंत!" टाळ्या पडल्या. परंतु परतीच्या गाडीत मला झोप आली नाही. ब्रिटनमधल्या खाणकामगारांचे पुढारी अशाच टाळ्या घेत होते. खाण मिटू नये यासाठी ते प्राणपणाने लढले. मिटल्यावर काय, याचा कागद मात्र त्यांच्या खिशात नव्हता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत आपल्या देशाने आग्रह धरला आणि कोळसा संपवणे या शब्दांऐवजी कोळसा कमी करणे असे शब्द आले. दीडशे वर्षे धूर सोडलेल्या श्रीमंत देशांनी आपणांस घाईचा उपदेश करू नये, ही भूमिका मला न्यायाची वाटते. त्याच परिषदेत आपण २०७० हे वर्षही जगापुढे मांडले आहे. म्हणजे मुदत मिळाली आहे, माफी नव्हे. शिवाय उन्हाची वीज राजस्थान-गुजरातेत होईल, वाऱ्याची सातारा-धुळ्याच्या माथ्यावर. कोळशाचे गाव मात्र आहे तेथेच राहील.

टोनी मॅझोकी नावाचा अमेरिकेतील तेल व रसायन कामगारांचा पुढारी १९९० च्या दशकात म्हणू लागला की, विषारी जमीन साफ करायला निधी काढता, तर ज्यांचा धंदा समाजाच्या हितासाठी बंद करता त्या कामगारांसाठीही काढा. त्यातूनच न्याय्य स्थित्यंतर हा शब्द रुजला आणि २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत जाऊन बसला. प्रस्तावनेत बसलेला शब्द आपोआप कोणाच्या ताटात येत नाही. तो आणावा लागतो.

म्हणून आम्ही आता एक साधे काम हाती घेतले आहे. कायम कामगारांची यादी व्यवस्थापनाकडे असतेच. आम्ही वहीत दुसरी यादी करतो: कंत्राटी कामगार, डंपरचे चालक, राख वाहणारे, फाटकासमोरचा चहावाला, आणि खाणावळ चालवणाऱ्या बाया. ज्याने मला तो प्रश्न विचारला होता, त्याच्याकडे मी पुन्हा गेलो आणि म्हटले, "माझे उत्तर चुकले होते. नातवापर्यंतचे मला सांगता येत नाही. पण बंद होण्याआधी तुझे नाव लिहिलेले असेल, एवढे बघतो." टाळ्या पडल्या नाहीत. तो म्हणाला, "मंग लिहा," आणि मागे उभ्या असलेल्या बायकोचेही नाव त्याने सांगितले.

आपण या शहरात बटण दाबतो आणि दिवा लागतो. उद्या तो उन्हावर आणि वाऱ्यावर लागेल, लागलाच पाहिजे. एवढेच मागणे आहे की, त्या उजेडाचा हिशेब मांडताना ती वहीही टेबलावर असू द्या.